अकरा पाकळ्या आणि एक पान

मी क्रोशाचा रुमाल आहे, आणि बाकी काही बोलायच्या आधी हे सांगून टाकतो, की मी जळकुकडा आहे. लपवून काय करू? ज्याच्या अंगात भोकंच भोकं, त्याने लपवायचं तरी कुठे.

माझ्या आधी एक रुमाल झाला होता. त्याला मी थोरला म्हणतो. तो कुणाच्या तरी डोक्यातून उतरला आणि मी त्याच्यावरून उतरलो. आमच्यातला फरक एवढाच, पण या एवढ्याशा फरकावर मी चाळीस वर्षं जळलो.

आमचं गाव कोन्याकूव, पोलंडच्या डोंगरातलं. इथे एखाद्या बाईच्या हातात क्रोशाची सुई दिसली नाही, तर समजावं की ती धार काढतेय किंवा आजारी आहे. कागदावर नमुना काढायची आमच्याकडे पद्धत नाही. फुलं, पानं सुटी सुटी विणायची आणि मग जाळीने एकमेकांना जोडायची. कुठे काय बसवायचं ते बाईच्या डोक्यात. म्हणून शेजारीण दारात आली की आधी काम मांडीवर पालथं पडतं आणि मग तोंडातून 'ये, बैस' निघतं.

बायकांचा आपसांत एक कायदा आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सगळ्या जणी अंडी, पाव, मीठ भरलेली टोपली चर्चमध्ये नेतात. टोपलीवर घरातला सगळ्यात चांगला रुमाल घालायचा. फादर पवित्र पाणी शिंपडत पुढे सरकतात आणि बायका मान खाली घालून प्रार्थना करतात असं वाटतं, पण डोळे शेजारणीच्या टोपलीवर असतात. तिथे पाहिलेलं फूल कुणी डोळ्यांनी उचलून घरी विणलं, तर ती तिची हुशारी. पण दुसरीच्या खोलीत शिरून, टाचण्या लावून वाळत घातलेल्या कामाच्या पाकळ्या नखाने मोजणं म्हणजे चोरी. कोंबडी चोरणारीला गाव एखाद वेळेस माफ करील, फूल चोरणारीला नाही.

माझा जन्म चोरीचा आहे.

घरात तेव्हा तीन बायका. सासू आगाता, थोरली सून लुद्विका आणि धाकटी सून ब्रोन्का. दोघींचे नवरे लांब खाणीत, आठवड्यातून एकदा घरी यायचे. स्वयंपाकघर एकच, त्याच्या एका बाजूला लुद्विकाची खोली, दुसऱ्या बाजूला ब्रोन्काची.

ब्रोन्का यायच्या आधी गावात लुद्विकाच्या हाताचं नाव होतं. तिचे टाके मोजून घ्यावेत. एक सैल नाही, एक घट्ट नाही. लग्नाच्या टोपीची कड विणायची तर लुद्विकानेच, असं बायका म्हणायच्या. मग डोंगरापलीकडून ब्रोन्का आली. हसरी, धांदरट, सुई गवताच्या गंजीत हरवून येणारी. लुद्विका ओठ मिटून मोजायची, आणि ही बोलता बोलता विणायची. दूध उतू जातंय, ही कुणाची तरी नक्कल करतेय, आणि मांडीवर फूल तयार.

"बडबडीत टाके गळतात, ब्रोन्का," लुद्विका म्हणायची.

"गळू देत जाऊबाई, खाली उभ्या राहून तुम्ही वेचा," ब्रोन्का म्हणायची आणि स्वतःच हसायची.

पण टाके गळत नव्हते, हीच तर लुद्विकाची पोटदुखी होती. वर्षभरात बायका लुद्विकाच्या टोपलीपाशी नुसत्या मान हलवू लागल्या आणि ब्रोन्काच्या टोपलीपाशी थांबू लागल्या. लुद्विकाला ते दिसायचं, आणि घरी आल्यावर ती भांडी जरा जोरातच घासायची.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ब्रोन्काने नवं फूल काढलं. आमच्या डोंगरावर एक रुपेरी काटेफूल उगवतं. ते वाळवून दारावर ठोकतात. येता-जाता ते बघून तिच्या डोक्यात फूल आलं, आणि तशी सात फुलं तिने रुमालात बसवली. मधे एक, भोवती सहा. तो थोरला. सासूने बघितलं आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या हातात आहे तरी काय?" लुद्विका शेजारी बटाटे सोलत होती. तिच्या हातातला बटाटा अर्धा सोललेला तसाच राहिला.

मी तेव्हा नुसता पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा होतो, लुद्विकाच्या एप्रनच्या खिशात. पुढचं सगळं मी त्या खिशातून पाहिलं.

ईस्टरला तीन आठवडे होते. ब्रोन्काने थोरल्याला धुऊन, बटाट्याच्या खळीत बुडवून, फळीवर टाचण्यांनी ताणून वाळत घातला होता आणि वर जुनी चादर टाकली होती. ती गोठ्यात गेली. सासू शेजारी गेली होती. लुद्विका स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आली, खिडकीतून गोठ्याकडे बघितलं आणि ब्रोन्काच्या खोलीत शिरली.

ती इतक्या घाईने फळीवर वाकली की खिशात मी हिंदकळलो. अख्खी चादर काढायचा तिला धीर झाला नाही. दाराजवळचा एक कोपरा तेवढा उचलला. त्याखाली एक फूल होतं. तिने अंगठ्याच्या नखाने पाकळ्या मोजल्या, साखळीचे टाके किती, खांबाचे किती, सगळं. अकरा पाकळ्या, आणि बाराव्या जागी एक छोटंसं तिरकं पान. एवढ्यात गोठ्यातली बादली वाजली. चादर जागेवर, लुद्विका चुलीपाशी.

"काय डोकं आहे," ती स्वतःशीच पुटपुटली. "फुलाला एकच पान. मला जन्मात सुचलं नसतं."

तिला त्या पानाचाही हेवा वाटला. मला वाटतं, तो हेवा सुईवाटे माझ्यात उतरला. मी विणला गेलो तोच मुळी दात-ओठ खात.

पण विणला गेलो कसा, म्हणून सांगू. खोलीचं दार लावून, सोळा दिवस. तिने आयुष्यात इतकं सुंदर काही केलं नव्हतं. सात फुलं, प्रत्येक फुलाला अकरा पाकळ्या आणि एक तिरकं पान. भोवती तिची स्वतःची कड, टाका न् टाका सारखा. लुद्विकाच्या खोलीतल्या फळीवर टाचण्या टोचून घेत मी वाळत होतो तेव्हा मला वाटलं, थोरला गेला खड्ड्यात. फूल त्याचं असेल, पण कड माझ्या घरची आहे. चर्चमध्ये बायका माझ्यापाशी थांबणार. कुणी विचारलंच तर लुद्विका म्हणणार होती, दारावरचं काटेफूल सगळ्यांच्याच दारावर आहे.

शनिवार उजाडला. लुद्विकाने मला एप्रनखाली धरलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. आत सासू चष्मा लावून ब्रोन्काच्या टोपलीवर वाकली होती. टोपलीवर थोरला.

"ए ब्रोन्का, हे इथे काय गं? सहा फुलं एकसारखी आणि या एकाला पान कशाला?"

ब्रोन्का जीभ चावून हसली. "आई, तुमच्या नजरेतून काही म्हणून सुटत नाही. ते फूल विणताना गाय व्यायला आली, तुम्ही हाक मारलीत. उठून गेले. परत येऊन बसले तर मोजायचं विसरले, आणि पाकळी एक कमी पडली. उसवायचा आला कंटाळा. मग त्या भोकावर पान ठोकून दिलं. कोण बघतंय."

"देव बघतो," सासू म्हणाली.

"त्याला आवडेल पान," ब्रोन्का म्हणाली.

लुद्विका दारात थिजली. एप्रनखालून तिची बोटं माझ्यावर फिरली. एक पान, दुसरं पान, तिसरं. सातही फुलांना. ब्रोन्काने एकदा केलेली चूक हिने सात वेळा केली होती, तीही मोजून, एकेक टाका जुळवून. मला चर्चमध्ये नेलं असतं तर कुणाला काही विचारायची गरजच पडली नसती. चोर स्वतःच्या पायाने चालत येऊन पुढे बसल्यासारखं झालं असतं.

ती मागच्या मागे खोलीत गेली. पेटी उघडली, मला तळाशी लग्नातल्या शालीखाली सारलं आणि झाकण लावलं. टोपलीवर तिने साधं पांढरं कापड टाकलं. शेजारणीने चर्चमध्ये विचारलंच, "लुद्विका, यंदा हे काय, ताटं पुसायचं फडकं आणलंस?" तिने कापडाची टोकं टोपलीत आणखी खोल खोचली. घरी येऊन पेटीवर बसून रडली, आणि तिचं रडणं मी झाकणाखालून ऐकलं.

तुम्ही म्हणाल, पानं उसवायची आणि पाकळ्या घालायच्या, हाय काय अन् नाय काय. पण तिला उसववेना. कधीतरी रात्री ती मला बाहेर काढायची, कात्री हातात घ्यायची, कडेवरून बोट फिरवायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. "पड गुपचूप," असं मलाच दटावायची.

त्या दिवसापासून लुद्विकाने फूल विणलं नाही. नुसत्या कडा विणल्या. बायकांनी विचारलं तर म्हणायची, "फुलं करायला ब्रोन्का आहे की." ते ती इतकं थंडपणे म्हणायची की पुढे कुणी विचारू नये.

आणि मी पेटीत. पेटीच्या फळीला एक फट होती, स्वयंपाकघराच्या बाजूला. तिच्यातून मी ईस्टरमागून ईस्टर ऐकले. आज थोरल्याला खळ केली. आज थोरला टोपलीवर बसला. फादर म्हणाले, हे कुणाचं काम? शेजारच्या गावातली बाई खास बघायला आली. त्याला ऊन मिळायचं, वारा मिळायचा, ईस्टरच्या रंगवलेल्या अंड्याचा एक लाल डाग पडला तर त्याचंही कौतुक. मला काय मिळालं? शालीचा वास आणि पिवळेपणा. खळ जुनी झाली की आम्ही पिवळे पडतो. मी मनातल्या मनात त्याला रोज एकेक पाकळी उसवायचो.

सहा वर्षांनी सासू आगाता वारली. जाताना तिने ब्रोन्काजवळ मागितलं, "तो काटेफुलाचा माझ्या उशाशी दे." आमच्याकडे बाईला तिच्या लग्नाच्या टोपीसह पुरतात. आगाताला टोपी घातली आणि डोक्याखाली थोरला ठेवला. ब्रोन्का रडत सगळ्यांसमोर म्हणाली, "हे फूल आता आईंचं. मी पुन्हा करणार नाही."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? घरात प्रेत होतं, दोन्ही सुना हुंदके देत होत्या, आणि मी पेटीत खूश होतो, की गेला एकदाचा. आता मी एकटा.

पण गेलेल्याशी स्पर्धा करणं फार वाईट. जिवंत होता तोवर त्याच्यात निदान ते एक चुकलेलं फूल होतं. जमिनीत गेल्यावर तो बिनचूक झाला. "आगाताच्या उशाखाली गेला तो रुमाल," असं म्हणून बायका उसासे टाकायच्या. ज्यांनी त्याला कधी पाहिला नव्हता, त्यासुद्धा.

वर्षं गेली. दोघींचे नवरे गेले, मुलं शहरांत गेली. मध्येच गावात एक वेगळंच वारं आलं. तरण्या पोरी क्रोशाने बायकांच्या आतल्या चड्ड्या विणायला लागल्या, आणि त्या म्हणे परदेशात जायच्या. म्हाताऱ्यांनी गहजब केला. "ज्या सुईने वेदीवरचं कापड विणलं, त्याच सुईने हे?" असं लुद्विका चुलीपाशी बसून म्हणाली, आणि ब्रोन्का म्हणाली, "मी मापं द्यायला तयार आहे, पण दोरा पुरणार नाही." मला मात्र त्या चड्ड्यांचाही हेवा वाटला. निदान कुणीतरी घालतं तरी त्यांना.

मग किंगाचं लग्न ठरलं.

किंगा ब्रोन्काची नात, लग्नासाठी शहरातून आजीकडे येऊन राहिलेली. ब्रोन्काला आजी म्हणते आणि लुद्विकाला मोठी आजी. आमच्याकडे लग्नाच्या रात्रीच्या जेवणाआधी नवरीच्या डोक्यावरचा हार उतरवतात आणि लग्न झालेल्या बायका तिला टोपी घालतात. टोपीची पुढची पट्टी कपाळावर येते. ती क्रोशाची, आणि ती आजीने विणायची. किंगाने जुन्या फोटोंच्या डब्यातून एक फोटो शोधून काढला. आगाता पणजी टोपली घेऊन उभी, टोपलीवर थोरला.

"आजी, मला कपाळावर हे फूल हवं."

ब्रोन्काने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, फोटोत नुसता पांढरा ठिपका. "आईंना दिलेलं आहे ते," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण तू त्यांचीच पणती. तुला नाही म्हणणार नाहीत."

ती विणायला बसली आणि फूल येईना. एकदा पाकळ्या वर उचलल्या जाऊन वाटी झाली. एकदा कडा लाटांसारख्या हलायला लागल्या. तीन आठवडे विणणं आणि उसवणं, विणणं आणि उसवणं. लग्न महिन्यावर आलं. एक दिवस तिने सुई टेबलावर ठेवली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "आईंच्या उशाशी रुमाल दिला, आणि माझ्या डोक्यातलं फूलही त्याच्याबरोबर गेलं. किंगा, दुसरं काहीतरी माग गं. या म्हातारीची लाज ठेव."

किंगा म्हणाली, "असू दे आजी, गुलाब कर." पण तिचा आवाज पडला होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लुद्विका चहा पीत होती. तिचा कप बशीवर वाजला.

त्यानंतर तीन दिवस तिने पेटीचं झाकण किती वेळा उघडलं आणि लावलं, ते मीच मोजलं. शनिवारी ती पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये जाऊन आली. आल्यावर खोलीत स्वतःवरच चिडून बडबडत होती. "एवढं गुडघे टेकून बसले, आणि फादरना काय सांगितलं, तर शेजारणीच्या कोंबड्यांना दगड मारला." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला दाखवला तर मी चोर. नाही दाखवला तर त्या पोरीच्या कपाळावर गुलाब. गुलाब तर कुणीही करतं."

सोमवारी जेवणाआधी तिने मला बाहेर काढलं, स्वयंपाकघरात नेलं आणि ब्रोन्कापुढे टेबलावर ठेवलं. चाळीस वर्षांनी माझ्या अंगाला खिडकीतलं ऊन लागलं. सगळ्यांदेखत मी इतका पिवळा, की लाज वाटली.

ब्रोन्काला नीट दिसत नव्हतं. तिने बोटं फिरवली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "हे कुठून आणलं? हे तर जमिनीत आहे."

"हा तो नाही," लुद्विका म्हणाली. "हा मी केलेला."

"तुम्ही?"

"मोज."

ब्रोन्काचं बोट पाकळ्यांवरून चाललं. अकरा, आणि पान. ती थांबली. दुसऱ्या फुलावर गेली. अकरा, आणि पान. तिसरं, चौथं. चुलीवरचं कोबीचं सूप उतू जाऊन सुर्र वाजलं, किंगा उठली, त्या दोघी हलल्या नाहीत.

"जाऊबाई, सातही?"

"सातही."

"माझं एकच होतं."

"मला एकच दिसलं. चादरीचा कोपरा तेवढाच उचलला होता." लुद्विका उभीच होती, हात एप्रनमध्ये. "तू गोठ्यात होतीस."

ब्रोन्का हसली. पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं, सुटलो. पण हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"म्हणून तुम्ही फुलं सोडलीत? त्या दिवसापासून माझ्या शेजारी विणायला बसला नाहीत. मी बोलावलं की काम आहे म्हणायचात. मला वाटायचं, मी यांना आवडत नाही, डोंगरापलीकडची गावंढळ. आई गेल्यावर या घरात मी चुलीशी बोलत विणायचे. तुमच्या कडा बघून जीव जळायचा माझा, म्हणायचे एकदा तरी शिकवतील. आणि हे कारण? एक फूल? मागितलं असतंत तर हात धरून शिकवलं असतं."

"मागता आलं असतं तर चोरलं कशाला असतं?" लुद्विका म्हणाली.

ब्रोन्काने मला हाताने दूर सारलं आणि उठून आपल्या खोलीत गेली. दार लागलं.

दोन दिवस ती लुद्विकाशी बोलली नाही. मी टेबलावरच पडून होतो, कुणी उचललं नाही. किंगा बिचारी एका दारातून सूप न्यायची आणि दुसऱ्या दारातून रिकामी वाटी आणायची. मला तर खात्री झाली, की आता माझी रवानगी चुलीत.

तिसऱ्या दिवशी ब्रोन्का आली. हातात कात्री.

"जाऊबाई, बसा," ती म्हणाली. "तुमचे डोळे चांगले आहेत, माझी बोटं. या कोपऱ्यातलं फूल सोडवते. तुम्ही दोरा गुंडाळा आणि मोठ्याने मोजा."

मी ऐकलं आणि माझ्या सगळ्या भोकांतून गार वारा गेला. कात्रीचं टोक जाळीत घुसलं, चार धागे तुटले, आणि माझं एक फूल माझ्यापासून वेगळं झालं. मग तिने शेवटची गाठ शोधली आणि ओढली. फूल उलटं चालायला लागलं. शेवटचा टाका आधी, पहिला टाका शेवटी. लुद्विका मोजत होती. "तीन खांब, दोन साखळ्या, खांब." ब्रोन्काचे ओठ हलत होते. चौथ्या पाकळीपर्यंत तिला काही कळेना. पाचवीला तिची बोटं लुद्विकाच्या तोंडातून आकडा यायच्या आधीच थांबायला लागली. आठवीला ती म्हणाली, "आलं. थांबा, आलं मला."

टेबलावर नुसता वाकडातिकडा दोरा उरला. तोच तिने सुईवर घेतला.

"नवा घे की," लुद्विका म्हणाली. "हा पिवळा आहे."

"असू दे. याला वाट माहीत आहे."

अकरा पाकळ्या झाल्या. फूल सपाट पडलं, ना वाटी, ना लाटा. ब्रोन्काने बारावीसाठी दोरा ओढला.

"आता बारावी नीट कर," लुद्विका खाली बघत म्हणाली. "ते पान नको. पोरीच्या कपाळावर माझी चोरी नको."

ब्रोन्काने फुलातली ती रिकामी जागा बोटाने चाचपली. मग तिने सुई तिरकी केली आणि पान विणलं.

"पान माझं आहे," ती म्हणाली. "तुम्ही फक्त सांभाळलंत. आणि कड आता तुम्ही विणा. मी शेजारी बसून बघणार आहे, काम पालथं घालायचं नाही."

लग्नापर्यंत रोज त्या दोघी एका खिडकीत बसल्या. एकीची फुलं, दुसरीची कड. भांडल्याही खूप. लुद्विकाने फुलंही केली, शेवटची दोन, आणि ब्रोन्काने तिला सांगितलं की घट्ट होतंय, आणि लुद्विका म्हणाली, "तू मला शिकवू नकोस," आणि मग सैल केलं. पट्टीवर पाच फुलं बसली. चार पांढरी, नव्या दोऱ्याची. मधलं जरा पिवळसर. तो मी.

लग्नाला मी गेलो नाही, पण माझं फूल गेलं, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. हार उतरला, टोपी चढली, किंगा रडली. गावातल्या बायका डोळे बारीक करून तिच्या कपाळावर वाकल्या. एकीने बोट ठेवलं. "ब्रोन्का, फूल ओळखलं गं, आगाताचं. पण प्रत्येक फुलाला हे पान कसलं?"

ब्रोन्काने लुद्विकाकडे बघितलंसुद्धा नाही. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या घरची पद्धत आहे."

लुद्विकाला केकचा ठसका लागला. लोकांनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ती बराच वेळ डोळे पुसत होती, आणि बायकांना वाटलं, ठसक्यानेच.

पुढच्या ईस्टरला चर्चमध्ये तीन टोपल्यांवर ते फूल होतं, पानासकट. डोळ्यांनी उचललेलं, म्हणजे कायद्यात बसणारं.

आता मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो, भर उन्हात, मध्ये सुया आणि दोऱ्याचे गुंडे घेऊन. ब्रोन्का गेल्या हिवाळ्यात गेली. लुद्विका एकटी खिडकीत बसून फुलं विणते, काम कधी पालथं घालत नाही, समोरची खुर्ची कुणाला हलवू देत नाही. माझ्या कोपऱ्यात सातव्या फुलाच्या जागी भोक आहे. किंगा येते तेव्हा म्हणते, "मोठी आजी, एक फूल करून बसव ना इथे." लुद्विका मान हलवते. तिला नको आहे, आणि मलाही नको. लुद्विकानंतर हे टेबल ज्याच्याकडे जाईल त्याला माझं एवढंच सांगणं आहे: ते भोक बुजवू नका.

आणि जळणं? ते सुटलेलं नाही. थोरल्यावर आता मी जळत नाही, त्याचं जे होतं ते माझ्यातूनच वर आलं. पण किंगाची ती टोपी तिच्या पेटीत नीट घडी करून ठेवलेली आहे, सणावाराला ती कपाळावर चढते, लोक बघतात. मी इथे टेबलावर, चहाच्या कपाखाली. त्या मधल्या पिवळ्या फुलाचा मला फार हेवा वाटतो.